दुसऱ्या वाऱ्याचे आकडे

मालवण बंदरातला बर्फाचा कारखाना बंद पडला, की लोक आधी इद्रीसच्या घरी माणूस पाठवायचे आणि मग मालकाला कळवायचे. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या मे महिन्यात मात्र इद्रीस स्वतःच बंद पडला.

कारखान्याच्या पत्र्यावर चढून तो उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचे पाइप साफ करत होता. ऊन नेहमीचंच होतं, पण वारा अगदीच पडला होता. हवा इतकी दमट, की अंगावरचा घाम सुकायचं नाव घेत नव्हता. शर्ट पिळून घ्यावा असा भिजला होता. आधी डोकं हलकं झालं, मग पाना हातात आहे की नाही तेच कळेनासं झालं. चौघांनी मिळून त्याला खाली उतरवलं. शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या पाठीशी बर्फाची लादी होती आणि समोर त्याची मुलगी शाझिया. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. तिथून तशीच धावत आली होती. ती रडत नव्हती. चांगलीच रागावलेली होती.

"आता पत्र्यावर चढूचा नाय," ती म्हणाली.

आधी पत्रा बंद झाला, मग दुपारचं काम बंद झालं, आणि दिवाळी येईपर्यंत सगळंच. शाझियाने बंदरावर सांगून ठेवलं, अब्बांना बोलवायचं नाही. लोकांनीही ऐकलं, आणि हेच इद्रीसला जास्त लागलं. तो पडवीत बसून राही. शेजाऱ्यांचा फ्रीज घरघरला, तर भिंतीपलीकडून कान देऊन काय बिघडलंय ते ओळखी आणि गप्प बसे.

फेब्रुवारीच्या शेवटी एक फोन आला. मुलीचा आवाज, शुद्ध मराठी.

"मी आकांक्षा बोलतेय, आंबोलीहून. पक्ष्यांचा अभ्यास करते. माझी एक पेटी आहे, आतलं तापमान कमी-जास्त करायची. ती बिघडलीय. सावंतवाडीतल्या दोघांनी बघितली, पण त्यांना काही जमलं नाही. त्यांनीच तुमचं नाव दिलं."

"कसली पेटी?" इद्रीसनेही शुद्ध मराठीत विचारलं.

"मूळचा डीप फ्रीजर आहे. मी त्यात हीटर आणि पंखा बसवून घेतलाय. त्यात पक्षी ठेवते."

"मेलेले?"

"नाही हो! जिवंत!" ती घाबरीघुबरी होऊन म्हणाली, आणि त्या घाईत तिची भाषा घसरली. "दोन तास ठेवतंय आणि सोडून देतंय. कंपनीचो माणूस येयसर माजो हंगाम जातलो हो चाचा."

इद्रीस हसला. "तू खंयची गो?"

"कुडाळची. थंय आमची काजूची बाग आसा."

"मगे आधीच नीट बोलायचा ना," इद्रीस म्हणाला.

शाझियाने तासभर वाद घातला. शेवटी, आंबोली थंड आहे एवढ्याच एका मुद्द्यावर ती नमली. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखरेच्या पुड्या आणि टोपी दिली. हत्यारांची पिशवी तिने स्वतः एसटीत चढवून दिली.

आकांक्षाचं बिऱ्हाड राधाबाईंच्या घरामागे होतं. राधाबाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. थोडी भाताची शेती आणि रस्त्यावर चहा-भजीचा स्टॉल. घरामागची चिऱ्याची खोली त्यांनी आकांक्षाला भाड्याने दिली होती, आणि त्या खोलीत ती पेटी होती. फ्रीजरच्या झाकणाच्या जागी काच, बाजूला पंप, नळ्यांचं जाळं आणि एक कॉम्प्युटर. नळ्यांतून पेटीत हवा जायची. बाहेर येणाऱ्या हवेत पाण्याची वाफ किती वाढली, हे यंत्र मोजायचं. त्यावरून, पाखरू तोंडावाटे किती पाणी टाकून स्वतःला थंड करतंय ते कळायचं.

"पाखरांना घाम येत नाही," आकांक्षा म्हणाली. "ती चोच उघडून धापा टाकतात. तोच त्यांचा घाम."

तापमान एका जागी ठरत नव्हतं, एवढीच तिची तक्रार होती. इद्रीसने पाऊण तासात दोष काढला. पंख्याचा कपॅसिटर गेला होता. नवा बसवला, काटा ठरला. आकांक्षाला धीर निघेना. तिने त्या सकाळी वनखात्याच्या परवानगीने जाळ्यात एक पर्वत कस्तूर धरला होता. मैनेहून मोठा, काळा-निळा, खांद्यावर चमकत्या निळ्या रंगाचा डाग. पेटीत ठेवून तिने तापमान चढवायला घेतलं. तीस, चौतीस, छत्तीस. सदतीसला कस्तुराची चोच उघडली. पंख अंगापासून सुटून लोंबू लागले. छाती भात्यासारखी हलू लागली.

इद्रीस काचेतून बघत होता. एकदम उठून तो बाहेर गेला.

आकांक्षाने पाखराला बाहेर काढलं, पाणी पाजलं, सावलीतल्या पिंजऱ्यात ठेवलं आणि मग त्याला शोधत आली. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता.

"तेका भाजतंस कित्या गो?" त्याने विचारलं.

"भाजत नाय चाचा. झेपेनासा झाला की लगेच बाहेर काढतंय. आजपर्यंत एकसुद्धा मेला नाय." ती त्याच्या शेजारी बसली. "गरमी वाढताच आसा. सपाटीवरचा पाखरू वर सरकता. हो आधीच डोंगरार आसा. हेच्या वर काय नाय, आभाळ. तेका किती झेपता ता कोणीतरी मोजूक होया ना?"

इद्रीसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्याने पत्र्यावरची गोष्ट सांगितली. शाझियाला, डॉक्टरला सांगितली नव्हती तितकी खोलात. घाम येतोय, वाहतोय, आणि तरी आतून अंग पेटलेलं. ओरडावं असं वाटतं आणि तोंड उघडलं तरी आवाज निघत नाही. "त्या पाखराची चोच बघलंय आणि माका ताच आठवला," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी पाऊस सरल्यार एकोणीस कस्तूर मोजले," आकांक्षा हळू म्हणाली. "सगळे अडतीसला हरतत. मार्चात हंय सदतीसपर्यंत जाता. म्हणजे त्यांच्या हातात एक अंश उरलोसा. आणखी काही वर्षांनी..." 

इद्रीस परत जायच्या विचारात होता, पण संध्याकाळची एसटी चुकली होती. राधाबाईंनी पडवीत खाट टाकून दिली. सकाळी चहा घेऊन तो पुन्हा खोलीत शिरला. काम झालेलं होतं, तरी अडतीस वर्षांची सवय. यंत्रासमोर बसलं की हात आपोआप नळ्यांवरून फिरायचे. एका नळीच्या वळणात त्याला पाण्याचा थेंब दिसला.

"हंय पाणी खंयसून इला?"

"येऊक नको," आकांक्षा म्हणाली. "आत जाणारी हवा आधी सुकी करतंय मी. ह्या नळकांड्यात निळे दाणे आसत ना, ते ओल शोषतत. रोज बदलतंय."

दाणे निळेच होते, म्हणजे सुकेच होते. तरी पुढे पाणी होतं. इद्रीसने साबणाचा फेस मागितला. नळ्यांची तोंडं उलटी लावून त्याने पंपाने त्यांत हवा फुंकली आणि प्रत्येक जोडावर फेस चोपडत गेला. नळकांडं आणि पंप यांच्यामधल्या जोडाशी आल्यावर फेसाचे बुडबुडे फुगू लागले. जोडाला केसाएवढी चीर होती. सुकवलेल्या हवेबरोबर पंप त्या चिरेतून खोलीतली ओली हवाही ओढत होता, आणि ती थेट पाखरापर्यंत पोचत होती.

"ह्या कधीपासून असात?"

आकांक्षाने जोड हातात घेऊन पाहिला. काठावर काळपट बुरा धरलेला होता. "पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि पायरीवर जाऊन बसली.

पाऊस सरल्यावर आंबोलीत भिंतींना पाणी सुटलेलं असतं. तसल्या हवेत एकोणीस पाखरांनी धापा टाकल्या होत्या. दमट हवेत वाफ सुटायची कुठे? एक पूर्ण हंगाम गेला होता, आणि त्या आकड्यांवर लिहिलेला अर्धा प्रबंधही. इद्रीसला वाटलं, आपण कपॅसिटर बदलून गप्प घरी गेलो असतो तर बरं झालं असतं. तो नवीन जोड बसवत राहिला. फुटका जोड त्याने खिशात टाकला. काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय फेकायचा नाही, हा त्याचा नियम होता, पण हे गिऱ्हाईक आत्ता काही बघायच्या मनःस्थितीत नव्हतं.

त्याने शाझियाला फोन करून आणखी एक आठवडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी आकांक्षाने दुसरा कस्तूर धरला. डोळे सुजलेले होते, पण हात स्थिर होते. या खेपेला इद्रीस उठून गेला नाही. घड्याळ घेऊन तो काचेपाशी बसला. सदतीसला चोच उघडली. अडतीस. पाखरू धापा टाकत होतं, पण दांडीवर नीट बसलेलं होतं. एकोणचाळीस, चाळीस. इद्रीसच्या कपाळावर घाम आला. एक्केचाळीस. बेचाळीस.

"अंगात किती आसा तेच्या?" त्याने विचारलं.

"एरवी एक्केचाळीस असतं. आता त्रेचाळीसच्या वर गेलंय." आकांक्षाने कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. "तो मुद्दाम चढू देतो. अंग बाहेरच्या हवेपेक्षा गरम राहिलं, की उष्णता बाहेर जाते आणि पाणी कमी खर्च होतं."

"कंडेन्सरसारखा," इद्रीस पुटपुटला. "तो हवेपरास गरम नसलो तर फ्रीज चलूचोच नाय."

त्रेचाळीसला पाखराने दांडी सोडून काचेवर झेप घेतली. आकांक्षाने त्याच क्षणी पेटी उघडली. पाणी, सावली, पंधरा मिनिटं. मग तिने तळवा उघडला आणि कस्तूर सरळ ओढ्याकडे उडाला.

चार दिवसांत पाच पाखरं मोजली. सगळी बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत टिकली. आकांक्षा हसली, पण ते हसू पुरतं खुललं नाही. त्या संध्याकाळी राधाबाईंच्या स्टॉलवर चहा पिताना ती म्हणाली, "गेल्या वर्षीचे एकोणीस मात्र गेले वाया."

इद्रीस बशीत चहा ओतून घेत होता. "हंय लय तापता तेव्हा वारो खंयचो असता?"

आकांक्षाला ते सांगता येईना. भजी तळणाऱ्या राधाबाईंनी झाऱ्यासकट हात वर केला. "उगवतीचो. घाटावरसून येता. ओठ फुटतत मेस्त्री त्या वाऱ्यान."

"तोच. बंदरात आमी तेका मतलई म्हणतंव. तो दुपार झाली तरी हटलो नाय, दर्यावरच्या खाऱ्या वाऱ्याक वाट दिली नाय, की तापता. पण हवा सुकी. घाम कधी इलो नि कधी सुकलो, कळना नाय." इद्रीसने बशी खाली ठेवली. "आणि खारो वारो इलो की गरमी उतरता, पण अंग चिकचिकता. बरोबर?"

"बरोबर," राधाबाई म्हणाल्या.

"मगे बाय, तुजे पयले आकडे खोटे कसे? ते दुसऱ्या वाऱ्याचे आकडे. मी पडलंय तो उन्हान नाय पडलंय. ऊन जन्मभर खाल्लाय. वारो पडलो, हवा ओली झाली, म्हणान पडलंय. पाखराक पण दोनय वारे आसत. सुक्यात तो त्रेचाळीस काढता, ओल्यात अडतीस. तुका दोनय होये."

 आकांक्षा कप तसाच ठेवून खोलीकडे धावली. राधाबाईंनी भज्यांचा घाणा उतरवला आणि म्हणाल्या, "पोरगी चाय टाकून गेली म्हणजे काम जमला."

खोलीतला दमटपणा एक छोटं यंत्र दर पाच मिनिटांनी नोंदवत होतं. गेल्या वर्षीच्या नोंदी सगळ्या शाबूत होत्या. चिरेतून किती हवा आत येते एवढं कळलं, तर पेटीतली ओल काढता आली असती. इद्रीसने खिशातून फुटका जोड काढून पुढे केला. तो पुन्हा बसवून त्यांनी सकाळ-संध्याकाळ गळती मोजली. एकोणिसांपैकी चौदा पाखरांचा हिशेब नीट लागला. पाच पाखरांचे आकडे गेले ते गेलेच.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उगवतीचा वारा सुटला. तोवर इद्रीस दोनदा घरी जाऊन आला होता. चार दिवस आंबोली करपली. उघड्यावर पारा सदतीसवर. आकांक्षाने जाळी गुंडाळून ठेवली. आधीच तापलेल्या पाखराला धरायचं नाही, हा तिचा नियम होता. त्याऐवजी राधाबाईंसह तिघंही ओढ्याकाठी जांभळीखाली बसली आणि समोरच्या कपारीतल्या कस्तुराच्या जोडीवर नजर ठेवली.

जोडीने काही विशेष केलं नाही, आणि तेच बघण्यासारखं होतं. दहा वाजेपर्यंत दोघं ओढ्यातले किडे-खेकडे टिपत होती. दहानंतर पाण्याजवळच्या कपारीत शिरून चोच उघडी ठेवून बसली. मध्येच एकजण खाली येऊन पाण्यात पोट बुडवून जाई. इद्रीसने काठीला तापमापक बांधून कपारीत सरकवला. एकोणतीस! दहा पावलांवर सदतीस आणि इथे एकोणतीस. कस्तूर नेहमी बसायचा त्या दगडावर आकांक्षाने सपाट वजनकाटा ठेवला होता. दुपारभर उपाशी राहिल्याने रोज संध्याकाळी नराचं वजन थोडं कमी भरे. चार दिवसांत एकशे चाळीस ग्रॅममधले सहा ग्रॅम उतरले. फुकटात काही मिळत नव्हतं. पण वारा फिरल्यावर दहा दिवसांत ते सहाही ग्रॅम भरून आले.

राधाबाईंनी तो तापमापक स्वतःच्या हातात घेऊन दोन्ही जागा तपासल्या. त्यांचा पुतण्या परशुराम पावसाळी पर्यटकांच्या गाड्या लावायला ओढ्याकाठच्या जांभळी तोडायचं म्हणत होता. त्या रात्रीच्या जेवणाचीही वाट न बघता त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, गाड्या रस्त्यापलीकडच्या पडीक जागेत लाव. परशुराम कुरकुरला. राधाबाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कपारीपाशी नेऊन बसवलं आणि तासाभराने विचारलं, आता उठावंसं वाटतंय का? तो उठला नाही, झोपला.

एप्रिलमध्ये आकांक्षाने वीस वर्षांच्या हवामानाच्या नोंदी तपासल्या. सदतीसची गरमी आणि ओली हवा एकाच दिवशी आल्याचं फारसं कुठे सापडलं नाही. तापलेले दिवस सुके होते, ओले दिवस थंड. पुढच्या पन्नास वर्षांचं वचन कोणी देऊ शकत नव्हतं, आणि प्रबंधातही तिने ते दिलं नाही. पण एका अंशाची गोष्ट आता पाच-सहा अंशांची झाली होती. ओढा आणि त्याच्यावरची सावली शाबूत राहील तोवर.

इद्रीसचं वेगळंच झालं. राधाबाईंच्या स्टॉलवर फ्रीजचा मेस्त्री येतो ही बातमी आंबोलीभर पसरली होती. ओळीने सगळ्या स्टॉलांचे फ्रीजर कुरकुरत होते, आणि बहुतेक उन्हात भिंतीला चिकटून उभे होते. इद्रीस आधी त्यांना सावलीत ओढायला लावी, पाठीमागे हातभर मोकळी जागा सोडायला लावी आणि मगच पाना काढी. महिन्यातून दोनदा त्याची आंबोलीची फेरी ठरून गेली. सकाळी काम, दुपारी ओढा, चारनंतर पुन्हा काम.

मे महिन्यात शाझिया सुट्टी काढून त्याच्याबरोबर वर आली. अब्बा इथे नेमकं करतात काय, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. आली तेव्हा खोलीत अब्बा आणि आकांक्षा कडाक्याने भांडत होते. आकांक्षाला पुढच्या हंगामात पेटीत मुद्दाम ओली हवा सोडायची होती, हवी तेवढीच, ना कमी ना जास्त. इद्रीसचं म्हणणं, त्यासाठी बर्फाच्या कारखान्यातला जुना व्हॉल्व्ह बसवावा. तिचं म्हणणं, नवीन मागवावा. शाझिया दोन मिनिटं ऐकत उभी राहिली, मग टेबलावरचा कागद ओढून म्हणाली, "एकेक सांगा. सामानाची यादी मी करतंय. अब्बांचा अक्षर तेंकाच वाचूक येणा नाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती तोंड धुवायला राधाबाईंबरोबर ओढ्यावर गेली. अजून धुकं होतं. ती पाण्यात वाकली आणि मागून कोणीतरी निवांत, लांबलचक शीळ घातली. वरखाली होणारी, मध्येच सूर चुकवणारी, अगदी रिकामटेकड्या माणसाची असावी तशी.

शाझिया ताडकन उभी राहिली. "कोण रे तो? पुढे ये बघया!"

राधाबाई हसून हसून दगडावर बसल्या. त्यांना बोलताच येईना. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. कपारीच्या तोंडाशी एक काळं-निळं पाखरू मान वर करून बसलं होतं. शाझियाच्या ओरडण्याने ते जरा सरकलं, पंख झटकले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.